तीनदा म्हणून दाखवा!

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. औषधाच्या बरणीत तळाशी गोळ्यांचा चुरा साठतो ना, तसे ते आपोआप साठतात. मी, वसंता आणि सुरेश, फार्मसीच्या एकाच बॅचचे तिघे. आजही भेटलो की चहा यायच्या आधी नगरच्या सरकारी दवाखान्यातले ते तीन महिने निघतात. घरातली म्हणतात, "झालं यांचं सुरू!" आम्ही हसतो. पण हसता हसता कोणीतरी गप्प होतं, आणि बहुतेक वेळा तो मीच असतो.

दुष्काळाचं साल होतं. आम्हा डिप्लोमाच्या पोरांना काम एकच. डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटला व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचं आणि घरी गेल्यावर औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगायचं. आमच्यावर भालेरावसाहेब, तिथले जुने फार्मासिस्ट. त्यांची तंबाखू आणि शिस्त, दोन्ही कडक! "नुसतं सांगून सोडायचं नाही. पेशंटकडून तीनदा म्हणवून घ्यायचं. घरी जाऊन तो चुकला, तर तो नाही, तुम्ही नापास!"

* * *

पहिल्याच दिवशी माझ्या बाकावर आले किसन आणि त्याची बायको गंगूबाई. पाथर्डीकडची माणसं. ऊसतोडीला कोपरगावकडे गेली होती. तिथे फडातच किसनला खोकल्यातून रक्त पडलं. क्षय! दोन महिने वॉर्डात काढून तो कसाबसा उभा राहिला होता. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "वर्षभर गोळ्या चुकता कामा नयेत. चुकल्या तर रोग उलटेल, मग तो वाचायचा नाही."

मी घसा खाकरून पुस्तकी सुरुवात केली. "सदर गोळी दिवसातून दोन वेळा, भोजनोत्तर सेवन करावी..." गंगूबाईने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पलीकडे व्हरांडा झाडणाऱ्या हिराबाईला विचारलं, "मावशे, ह्ये काय म्हंत्यात?"

हिराबाई झाडू न थांबवता म्हणाली, "दोन्ही येळंला जेवल्यावर दे. उपाशीपोटी दिलीस तर वकंल."

माझं दोन वर्षांचं शिक्षण तिने एका दमात उरकलं!

मग मी तीनदा म्हणवून घेतलं. "पोटात घास गेल्याबिगर गोळी द्यायची न्हाई," गंगूबाई म्हणाली. तिन्ही वेळा तेच, तसंच. भालेरावसाहेब लांबूनच म्हणाले, "पास!" ती पास झाली की मी, ते कळलं नाही, पण दिवसभर मी हवेत होतो.

* * *

त्या काळी पातळ औषधाला बाटली पेशंटनेच घरून आणायची. आम्ही ती भरायचो आणि बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक डोस.

केडगावच्या एका म्हातारबाबांना छातीच्या दुखण्यातून घरी सोडलं, तेव्हा वसंताने अशी बाटली दिली आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. बाबा उगवले दोन महिन्यांनी, आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली!

"बाबा, एक थेंबसुद्धा घेतला नाहीत?"

"घेतो की! रोज तीनदा. येक खाच प्यालो की तेवढंच पानी वततो. आवशिद सरलं की हितवर यावं लागतंय, रोजगार बुडतो."

वसंताने बाटली उजेडात धरली. आरपार दिसत होतं. "मग गुण?"

"लई गुन! आदी कडू जहर लागायचं, आता कसं, ग्वाड लागतंय!"

वसंताने हसू दाबत बाटली परत भरून दिली. बाबा मात्र फाटकापर्यंत जाताना तीनदा खाली बसले, ते आम्ही तिघांनीही पाहिलं.

* * *

वाचता न येणाऱ्यांसाठी वसंताने युक्ती काढली. पुडीवर चित्रं! डोंगराआडून वर येणारा सूर्य म्हणजे सकाळची पुडी, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपारची. चित्रकला बरी होती त्याची, सूर्याला मिशासुद्धा काढायचा.

पुणतांब्याची एक बाई पंधरवड्याने तपासायला आली, तर तिच्याकडे दुपारची एक पुडी शिल्लक.

"ही का राहिली हो?" वसंता म्हणाला.

"त्या दिशी आभाळ आलं हुतं, सूर्व्या दिसंना. समदा गाव वर बगत हुता. मी बी बगत बसले."

आम्ही तिघंही बाकाच्या कडेला सरकलो. "मग? पडला पाऊस?"

"न्हाई."

त्या दिवसापासून वसंताने सूर्याला मिशा काढणं सोडलं.

* * *

आता सुरेशचा. हा तो स्वतः कधीच सांगत नाही, आम्हीच सांगतो, आणि तो खिडकीबाहेर बघत बसतो.

त्याला चिठ्ठी मिळाली होती, चौदा नंबरची खाट, डिस्चार्ज. पुड्या घेऊन तो वॉर्डात गेला. खाट रिकामी, गादी गुंडाळलेली, आणि शेजारी जमिनीवर पेशंटचा बाप बसलेला. पोरगा बाहेर टांगा बघायला गेला असेल, असं सुरेश धरून चालला. म्हाताऱ्यापुढे उकिडवा बसून त्याने एकेक पुडी उलगडून दाखवली. ही सकाळी, ही झोपताना, ही पाण्यातून. मिठाचं पथ्य. मग नियमाप्रमाणे, "आता तीनदा म्हणून दाखवा."

म्हाताऱ्याने म्हणून दाखवलं. सावकाश, तीनदा, एकही चूक नाही.

"वा!" सुरेश म्हणाला. "पोरगा कुठंय?"

"त्याला पहाटंच झाकला, सायेब. गाडी यायची हाय न्यायला."

सुरेश उलगडलेल्या पुड्या गोळा करायला लागला. "मग... मग मला आधीच का नाही सांगितलं?"

"तुमी इतक्या मायेनं सांगत हुता," म्हातारा म्हणाला. "मदीच कसं तोडावं?"

चिठ्ठी आदल्या दिवशीची होती. भालेरावसाहेबांनी ऐकलं आणि त्या दिवशी कोणालाच पास-नापास केलं नाही. त्यानंतर सुरेश कुठल्याही खाटेजवळ गेला की आधी विचारायचा, "पेशंट कुठे आहे?" अजूनही त्याच्या दुकानात कोणी औषध न्यायला आलं, की तो पहिल्यांदा तेच विचारतो.

* * *

आणि हा माझा.

गंगूबाई महिन्याने परत आली. एकटीच. किसनला चालवत नव्हतं. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. पदराची गाठ सोडून तिने गोळ्यांची डबी माझ्यासमोर ठेवली.

मी साठ गोळ्या दिल्या होत्या. डबीत तेवीस उरलेल्या!

माझं डोकंच फिरलं. खरं सांगायचं तर राग किसनच्या काळजीपोटी थोडा आणि मी नापास झालो म्हणून जास्त होता. आज ते लिहितानाही लाज वाटते. "अहो, नवऱ्याला मारायचंय का तुम्हाला?" मी ओरडलो. "रोग उलटला की इथंच येऊन रडाल! सरकार फुकट गोळ्या देतंय, त्यासुद्धा देववत नाहीत?" सगळा व्हरांडा आमच्याकडे बघायला लागला. मी तिचं कार्ड ओढलं आणि लाल शाईने शेरा मारला, 'हयगय'. असे दोन शेरे पडले की फुकटच्या गोळ्या बंद व्हायच्या. तिला ते ठाऊक होतं.

"काय शिकवलं होतं मी? म्हणा पुन्हा!"

ती बाकावरून उठून उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी. "पोटात घास गेल्याबिगर गोळी द्यायची न्हाई."

"पाठ तर आहे! मग दिल्या का नाहीत?"

"दिल्या की," गंगूबाई म्हणाली. "ज्या ज्या येळंला त्यांच्या पोटात घास गेला, त्या त्या येळंला दिली. येक बी चुकवली न्हाई."

पलीकडे हिराबाईचा झाडू थांबला.

मी कार्डाकडे बघत राहिलो. शाई अजून ओली होती.

गंगूबाईने डबी हळूच माझ्याकडे सरकवली. "ह्या सरकारच्या हायेत, भाऊ. परत घ्या. कुनी दोन्ही येळंला जेवनारा आसंल, त्याला द्या."