रेघ मारलेली नावे

आदरणीय विमलबाई साठे यांची आणि माझी पहिली भेट हेन्डरसन या इथल्या उपनगरातल्या एका प्राथमिक शाळेत झाली. मंगळवार होता, शाळा नुकतीच सुटली होती, आणि बाई ग्रंथालयात खिडकीजवळच्या बाकावर बसल्या होत्या. मी अंदाजाने लिहीत नाही. माझी ईशा आठ वर्षांची होऊनही वाचत नव्हती. बाई सांगलीकडच्या निवृत्त शिक्षिका, मुलाकडे राहायला आलेल्या. मागे पडलेल्या मुलांचे जादा तास त्या घेत.

"आजी, धिस इज टू हार्ड," ईशा म्हणाली.

"हो ना? मलाही इथली बस कळायला महिना लागला. चल, पुढची ओळ."

दिवाळीपर्यंत ईशा डेअरीच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, दारावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचू लागली होती.

मी पेनरोजच्या गोदामात मालाची पाठवणी पाहतो. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचे सगळे, अगदी कायद्याच्या मसुद्यापर्यंत, स्वतः वाचून शिकलो. म्हणून बाईंच्या वर्गाची, मुलांच्या नावांची वही मी मागून घेतली आणि तिला गोदामाची शिस्त लावली. तिकडे माल गेला की रेघ. इकडे मूल वाचू लागले की नावावर लाल रेघ. बाई ती स्वतः, पट्टी लावून मारत. त्या दिवशी वर्गाला बेसनलाडू मिळत.

गेल्या वर्षी अशा वर्गांना निधी देणाऱ्या कायद्याची मुदत संपत आली. नूतनीकरणाच्या सुनावणीसाठी बाई माझ्याबरोबर राजधानीत, वेलिंग्टनला आल्या. संसदेच्या समितीपुढे "किया ओरा" असा इथला नमस्कार करून त्या इंग्रजीत एवढेच बोलल्या, की ही मुले वाचत नव्हती, आता वाचतात. कायद्याला मुदतवाढ मिळाली. आम्ही बाहेर येऊन वाऱ्यात उभ्याउभ्या लाडू खाल्ले.

मग निधी ठरवण्यासाठी सरकारी कार्यालयाने प्रत्येक वर्गाची वही मागवली. आमची मी पाठवली, एकही चूक नसलेली. रेघ म्हणजे मूल वर्ग सोडून गेले, असे तिथे धरले गेले. उरली चार नावे. चार मुलांच्या वर्गाला निधी मिळत नाही. मी खुलासा पाठवला, तोवर हरकतीची मुदत टळली होती आणि वर्ग बंद झाला. रेघेचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर लिहायला हवा होता. तो मी लिहिला नव्हता.

"बाई, चूक माझी आहे."

"पद्धत तुमची, पट्टी माझी. रेघ मारलेली मुलं वाचतात ना?"

"वाचतात."

"मग चहा घ्या, दिनकरराव. आणि तोंड असं करू नका, दूध नासेल."

तो चहा मला गेला नाही. बाईंनी मात्र त्यानंतर एकदाही तो विषय काढला नाही.

आता त्या वेळी ग्रंथालयाला कुलूप असते. ती चार मुले बाईंच्या मुलाच्या गॅरेजमध्ये येतात; कुणाच्या आईवडिलांची कामाची पाळी असली की तीन, पावसात दोन. बाईंच्या एका डोळ्याला कमी दिसते. नवीन नाव वहीत आलेले नाही.

बाईंची पंचाहत्तरी झाली. दीर्घायुष्य सगळेच चिंततील. मी नेमके मागतो: दुसरा डोळा शाबूत राहो, हात थरथरू नये, प्रकृतीची कुरबुर नसावी, आणि त्या चारही नावांवरची रेघ बाईंच्याच पट्टीने ओढली जावो. पहिल्या पानावर तिचा अर्थ मी आता लिहून ठेवला आहे.