चौदा नंबरच्या जागेवरचे पत्रे

समजा, सोमवारी सकाळी आठला पाच कमी असताना तुम्ही एका अनोळखी कचेरीत शिरलात. तुम्हाला दिलेल्या खुर्चीच्या पाठीवर दुसऱ्याच बाईचा स्वेटर आहे. टेबलावरच्या फोटोतून तिची मुलं तुमच्याकडे बघून हसतायत. खणात तिचा अर्धा उरलेला बिस्किटांचा पुडा. साडेआठला फोन वाजेल, आणि तो तुम्ही असा उचलायचा, की पलीकडच्याला वाटावं ही बाई दहा वर्षं इथेच बसलीय. तेरा आठवड्यांनी खुर्चीची मालकीण परत येते. तुम्ही स्वेटर होता तसा लटकवता आणि निघता. पाचशे मैलांवर दुसरी कचेरी, दुसरा स्वेटर.

आर्डिस लुंडग्रेन नऊ वर्षं हेच करत होती. वय चोपन्न, एक जुना पिकअप ट्रक आणि त्यामागे बावीस फुटी ट्रेलर, तेच घर. बदली माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा फोन आला की त्या गावी जायचं, काम संपलं की निघायचं. कचेरीतल्या फोनवर ती पहिल्याच दिवशी पांढरी चिकटपट्टी लावायची आणि त्यावर त्या कंपनीचं नाव लिहायची. त्यालाही कारण होतं. टुसॉनमध्ये दातांच्या दवाखान्यात बदली म्हणून गेली, तेव्हा पहिलाच फोन उचलून ती आधीच्या कचेरीच्या सवयीने म्हणाली, "ट्रॅक्टरचे सुटे भाग, बोला!"

"पलीकडे म्हातारा होता," ती सांगायची, "बिचारा म्हणाला, बाई, मला एकच दात काढायचाय, तोही हळू!"

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ती लास क्रूसेसला आली, हॉलिस नावाच्या, पिकॅन म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा सोलणाऱ्या कारखान्यात. आमच्या ट्रेलर पार्कमध्ये, म्हणजे ट्रेलरची घरं भाड्याने उभी करायच्या मैदानात, तिला चौदा नंबरची जागा मिळाली. मी पंधरा नंबरवर. तिच्या छपरावरचं सौर पॅनेल मीच दुरुस्त केलं, आणि त्या बदल्यात शनिवारी हिरव्या मिरचीचा बरिटो, म्हणजे सारण भरलेली पोळीची गुंडाळी, खायला मिळू लागला. पण ती बसून कधी खायची नाही. हातात बरिटो धरून ट्रेलरभोवती फेऱ्या. चाकांची हवा बघ, गॅसचा नळ बघ, परत चाकं बघ.

"बस ना जरा," मी म्हणायचो.

"बसायचे मला पैसे मिळतात, आठवड्यातून चाळीस तास," ती म्हणायची. "सुट्टीच्या दिवशी कशाला बसू?"

तेराव्या आठवड्यातल्या मंगळवारी कचेरीच्या मुख्य नोर्मा टेलेस यांनी तिला आत बोलावलं. जिच्या जागी आर्डिस बसत होती ती ग्लेंडा नवऱ्याबरोबर एल पासोला गेली होती, आता येणार नव्हती.

"खुर्ची तुझी," नोर्माबाई म्हणाल्या. "आजारपणाच्या विम्यासकट. आणि तो स्वेटर एकदाचा घरी पाठव बाई, तेरा आठवडे त्याला टेकून बसलीयस."

त्या संध्याकाळी आर्डिस माझ्या पायरीशी येऊन उभी राहिली. बसली नाहीच.

"मागच्या वर्षी वायोमिंगमध्ये मला न्यूमोनिया झाला," ती म्हणाली. "डॉक्टरने विचारलं, कुणाला कळवू? मी एजन्सीचा नंबर दिला." मग म्हणाली, "मला ही खुर्ची हवीय रे. खरंच हवीय. पण मला थांबता येतं का, तेच माहीत नाही."

बुधवारी तिने होकार दिला. फॉर्मवर कायमचा पत्ता विचारला होता. तिच्या लायसन्सवरचा पत्ता साउथ डकोटातला, ट्रेलरमध्ये राहणाऱ्या आमच्यातल्या निम्म्यांचा असतो तसा. त्या गावात ती जन्मात एकच रात्र झोपली होती, तीही, तिथे एका रात्रीच्या मुक्कामावर पत्ता मिळतो म्हणून. नोर्माबाईंनी तो खोडला. "जिथे चहाकॉफी करतेस तिथला लिही." तिने आमच्या पार्कचं नाव लिहिलं, पुढे चौदा नंबर.

पार्कचे मालक एलिसेओ. सत्तरी ओलांडलेली, बोलणं तिरकस, मन साफ. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने ट्रेलरची खालची बाजू पत्र्याने झाकायची, हा त्यांचा नियम. चाकं दिसली की पार्क बस स्टँडसारखा वाटतो म्हणे. गुरुवारी ती कामावरून आली तेव्हा ते स्क्रू पिळत होते.

"झालं, मिहा," ते म्हणाले. ते सगळ्याच बायकांना मिहा म्हणत, म्हणजे पोरी. "आता तू माझ्या गळ्यात कायमची."

"चाकं दिसत नाहीत," आर्डिस म्हणाली.

"घराला चाकं नसतात, मिहा. हळूहळू कळेल."

ती तरीही वाकून वाकून बघत राहिली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी कॉफी घेऊन बाहेर बसलो होतो. आर्डिस नेहमीसारखी झपाझप कामाला लागली होती. पाण्याची नळी काढून गुंडाळली. गॅस बंद. अँटेना खाली. पायरी दुमडली. कप टॉवेलात बांधून सिंकमध्ये. चाकांचे ठोकळे काढायला पुढच्या पत्र्याची कड तिने वर वाकवली, आणि तरीही ती थांबली नाही. दर तेराव्या शुक्रवारी ती ट्रेलर जोडूनच कचेरीत जायची, म्हणजे पाच वाजता तिथूनच रस्त्याला लागता येतं. मला वाटलं, बेत बदलला. मी कॉफी पीत राहिलो.

ट्रेलर जोडलेला ट्रक पुढे गेला, आणि असा करकर आवाज झाला की सगळ्या पार्कमधली कुत्री भुंकायला लागली. दोन पत्रे फाटून जमिनीतल्या खुंट्यांना लोंबत राहिले, तिसरा तिच्यामागे फरफटत गेला.

एलिसेओ चपला न घालताच धावत आले. पत्र्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"अगं, जायचं होतं तर सांगायचंस! मी स्क्रू तरी वाचवले असते!"

आर्डिस ट्रकमधून उतरली. "मला जायचं नव्हतं," ती म्हणाली. "आज शुक्रवार आहे ना, म्हणून..."

आठला वीस मिनिटं होती. ट्रेलर मागे घ्यायला वेळ नव्हता. ती तशीच कचेरीत गेली आणि पिकॅनच्या ट्रकांच्या रांगेत ट्रेलर उभा केला. पुढचं तिनेच सांगितलं. नोर्माबाईंनी खिडकीतून बघितलं आणि परत कामाला लागल्या. खुर्चीवर ग्लेंडाचा स्वेटर नव्हता, फोनवरची पट्टीही त्यांनी सोलून टाकली होती. फोन वाजला. तिने पट्टी शोधली, ती नव्हती, आणि तोंडातून आलं, "हॉलिस पिकॅन, आर्डिस बोलतेय."

पाच वाजता नोर्माबाई दारात उभ्या राहिल्या. "सोमवारी?"

"सोमवारी," आर्डिस म्हणाली.

याला आता चौदा महिने झाले. पत्रे तिने पुन्हा लावू दिले नाहीत. एलिसेओंनी कुरकुर करत तिला फाटकाजवळची, चार दिवस थांबणाऱ्यांची जागा दिली, तिथे चाकं उघडी चालतात. खुर्चीवर आता तिचा स्वेटर असतो. पण शुक्रवारी सकाळी मी बघतो, तर ती नळीपाशी उभी असते, हात खिशात घट्ट कोंबून.

परवा शनिवारी बरिटो खाता खाता तिने फेरी मध्येच थांबवली.

"त्या दिवशी ट्रेलर जोडला, ती नुसती हातांची सवय होती," ती म्हणाली, "की मला खरंच जायचं होतं? तू बघत होतास ना. तुला काय वाटलं?"