गाईच्या वाटची पोळी

जनावराला हात लावण्याआधी सॅम्युअल डॉक्टर पायातले बूट काढायचे आणि मिनिटभर डोळे मिटून उभे राहायचे. शेणात, अनवाणी! रविवारी चर्चमधून ते थेट पांडेसऱ्यात आमच्या गल्लीत यायचे, कुणाची शेळी, कुणाची गाय बघायला. हा माणूस आम्हाला बाटवायला तर येत नाही ना, अशी कुजबुज होती. मी एकदा तोंडावर विचारलंच. ते हसले, आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "भाई, गाय तुमचीच राहणार. फक्त तिचे जुलाब बंद होणार. मूंगा, मुक्या जीवाची सेवा, हीच माझी प्रार्थना."

"खोटी दवा नाही, खोटा शब्द नाही," हे त्यांचं पालुपद. शेजाऱ्याचा बोकड जगायचा नाही, हे त्यांनी त्याच्या रडणाऱ्या बायकोला सरळ सांगून टाकलं. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

एका पोळ्याला, दारात बैल नाही म्हणून, आईने गंगी गाईलाच ओवाळलं आणि हौसेने पाटीभर पुरणपोळ्या चारल्या. दुसऱ्या दिवशी गंगीचं पोट टम्म फुगलं, ती उठेचना. डॉक्टर धावत आले. नळी घातली, सलाइन लावलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुरण पोटात आंबलं, भाई. फार झालं." संध्याकाळी गंगी गेली.

आईने त्यांचा हात धरला. "डॉक्टर, मीच मारी टाकी का तिले?"

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "ना, बेन. तिचं काळीजच कमजोर होतं. तुमच्या हातचं तर ती सुखाने जेवली."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. हाच का तो माणूस?

पुढच्या पोळ्याला नवी गाय होती. डॉक्टर सकाळीच हजर! गाईला एक घास चारू दिला आणि ताट स्वतःकडे ओढलं. "गाईच्या वाटचं बाकी मला, बेन." मग दर पोळ्याला हेच. त्यांना शुगर होती, मला ठाऊक होतं. हे पाप फेडणं होतं की सेवा? विचारलं तर म्हणायचे, "जमवा दे ने, भाई!" निवांत जेवू दे म्हणे!

मागच्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. त्यांच्या चर्चमध्ये काय करायचं ते मला कळेना. चपला काढल्या नि डोळे मिटून उभा राहिलो.

यंदाच्या पोळ्याला आईने गाईपुढे पुन्हा ताट भरून आणलं. "डॉक्टरले किती आवडे पुरणपोळी," म्हणत डोळ्यांना पदर लावला. खरं सांगून टाकावं? अगदी ओठांवर आलं होतं. मी गाईला एक घास दिला आणि ताट ओढून घेतलं.

"तुले तर पुरण आवडत नही ना रे?"

"आवडतं की," मी म्हणालो.