खडूचा पंजा

एंटर दाबायला बोट गेलं रे गेलं, की मॅडमचा खडूने माखलेला पंजा थेट स्क्रीनवर! "थांब रं. आधी अंदाज सांग. किती येईल?"

साताऱ्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर शिकवायच्या. गाव म्हसवड. शिकवायचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, पण अर्धा तास फळ्यावरच जायचा. त्यामुळे लॅबमधल्या प्रत्येक स्क्रीनवर एक पांढरा पंजा उमटलेला.

या विषयात मी एकदा आपटलो होतो. फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांनी बजावलं होतं, "औंदा ऱ्हायलास तर पुस्तकं बांध आन् उसाला पाणी धर." उसाला पाणी धरणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. लांबूनच बरा वाटणारा आदर!

पहिलंच गणित: पसरणी घाटाच्या पाच अंश उतारावर ब्रेक सुटलेली गाडी खाली किती त्वरणाने येईल? मी वाईचा, म्हणजे घाट घरचाच. मॅडम पलीकडे वळल्याचं बघून एंटर दाबला आणि उत्तर ऐटीत वाचलं, "उणे नऊ पूर्णांक चार!"

"उणे म्हंजी गाडी कुठं निघाली?"

"वर... पाचगणीकडे."

"इंजिन बंद असून?"

"हो मॅडम."

"मग डेपोत कळव की. लय डिझेल वाचंल!"

सॉफ्टवेअरला कोन रेडियनमध्ये लागतो, मी अंशात दिला होता. महिनाभर वर्गात मला 'पाचगणी' म्हणत.

प्रात्यक्षिक परीक्षेला सांगलीचे परीक्षक आले. गणित गार होणाऱ्या चहाचं. मॅडम दाराशी उभ्या, बोलायला मनाई. मी एंटर दाबला आणि दुसऱ्या हाताने स्क्रीन झाकला.

"हे काय?" परीक्षक.

"अंदाज सांगतो सर. नव्वद अंशांचा चहा दहा मिनिटांत पन्नाशीला यावा."

हात काढला. एकशे पंच्याऐंशी.

डोळ्यांसमोर ऊस. पण कपातला चहा आपोआप तापत नाही, एवढं वाईतही माहीत आहे. "सर, घातांकातलं उणे राहिलं," म्हणून दुरुस्त केलं. एक्कावन्न आलं.

"चूक कुणी न सांगता सापडली ना? मग झालं," म्हणत त्यांनी सही केली. दाराकडे पाहिलं, तर मॅडम पाठ फिरवून उभ्या. खांदे मात्र हलत होते.

पुढच्या सत्रात त्याच लॅबमध्ये दुसरा विषय होता. मॅडमची नेमणूक पुन्हा झालीच नव्हती. आम्हाला ते नोटीस बोर्डावर त्यांच्या विषयापुढे लागलेल्या नव्या नावावरून कळलं.

सगळे स्क्रीन लख्ख पुसलेले होते. मी गणित घातलं, बोट एंटरवर नेलं आणि तसाच थांबलो. कुणीच काही विचारलं नाही.