बुटक्या टोमॅटोची चटणी

मावशीच्या अंगणात टोमॅटोची झाडं गुडघ्याइतकीच वाढली आहेत आणि फळांनी वाकली आहेत. हा बुटका वाण तिच्या माहेरचा. सगळ्यांनी संकरित बियाणं घेतल्यावर तो गावातून नाहीसा झाला. दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एका म्हातारीच्या पाटीत तो मावशीला अचानक दिसला. तिने बी धरलं, रोपं जगवली. बी जपणारे हात मायाळूच असतात, असं मला वाटायचं.

बातमी माहेरी पोचली. मोठा मामा अंथरुणाला खिळलेला. मावशी विधवा झाल्यावर त्यानेच तिला दारातून परत पाठवलं होतं. काल मामी आली.

"वन्सं, त्यांना अन्न जात नाही. सासूबाई करायच्या ती चटणी सारखी मागतात."

मावशीने लगेच टोमॅटो तोडले, चुलीत भाजले, चटणी वाटली. मामीने आशेने पिशवीतून डबा काढला. मावशीने तो बाजूला सारला आणि तिच्यापुढे ताट मांडलं.

"तुम्ही जेवा, वहिनी. घरी गेल्यावर दादाला चव सांगा."

मामी रडत जेवली. पातेलं रिकामं होईपर्यंत मावशी आग्रहाने वाढत राहिली.