शेवटच्या टप्प्याचा चढ

ऑफिसात त्यांना सगळे जपूनराव म्हणायचे. जिना उतरणारा असो, चहाचा कप उचलणारा असो की सुट्टीवर निघालेला असो, प्रत्येकाला त्यांचं एकच सांगणं असे, "जपून." स्वतःही तसेच. घराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचे, चार पावलं चालून पुन्हा माघारी यायचे. नगरपालिकेच्या पूल विभागात सव्वीस वर्षं त्यांनी नकाशे काढले होते आणि त्यात बोट ठेवायला कोणाला जागा सापडली नव्हती. माणूस भित्रा असला की नकाशे चांगले काढतो, असं त्यांची मोठी बहीणच म्हणे.

ही बहीण, म्हणजे ताई, त्यांच्याच घरी राहायची. पंधरा वर्षांपूर्वी एका आजारात तिचे पाय गेले आणि चाकाची खुर्ची आली. रुळांपलीकडच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती करायची. खुर्ची स्वतःच्या हातांनी चालवायची, आणि कोणी न विचारता मागून हात लावला तर त्याला चारचौघांत झापायची. फक्त रेल्वे फाटकापाशी तिचं काही चालत नसे. रूळ आणि त्यालगतच्या फळ्या यांच्यामध्ये फट होती, आणि खुर्चीची पुढची लहान चाकं नेमकी तिथे फसायची. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ जपूनराव खुर्ची मागे कलती करून, पुढची चाकं अधांतरी धरून, तिला पलीकडे नेत.

दोन मिनिटांचं काम. पण त्याआधी ते रुळांच्या दोन्ही दिशांना तीनतीनदा बघून घ्यायचे. गेल्या वर्षी एकदा त्यांचा हात निसटला, चाक फटीत बसलं आणि तेवढ्यात घंटा सुरू झाली. खुर्ची पुढे जाईना, मागे येईना. शेवटी फाटकवाला धावत आला आणि दोघांनी ताईसकट ती उचलली. गाडी यायला तेव्हा चांगली चार मिनिटं बाकी होती, असं तो नंतर हसत म्हणाला. जपूनरावांना त्यावर हसू आलं नाही.

जेव्हा फाटक बंद करून तिथे पादचाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी पूल बांधायचं ठरलं, एकही पायरी नसलेला, दोन्हीकडून नुसता उतार असलेला, तेव्हा ते काम त्यांनी मागून घेतलं. सव्वीस वर्षांत त्यांनी काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. वीस मीटरला एक मीटर, यापेक्षा जास्त चढ कुठेही नाही. दर दहा मीटरांनी दम खायला सपाट जागा. ताईच्या दंडात किती जोर आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि अख्खा पूल त्यांनी त्या जोराच्या मापाने काढला. आठ महिन्यांत ती एकटी कामावर जाणार होती. मंजुऱ्या झाल्या, वरच्या लोखंडी भागाचे नकाशे कारखान्यात गेले. जमिनीलगतचा शेवटचा टप्पा तेवढा जागेवर काँक्रीटचा ओतायचा होता.

आणि मग एका सकाळी फाटकवाला सहज बोलून गेला, "या फळ्या काढून पुन्हा वर बसवायच्यात साहेब. खडी टाकून टाकून रूळ किती वर आलाय बघा. मी इथे लागलो तेव्हा माझ्या या खोलीला दोन पायऱ्या होत्या, आता एकच उरलीय."

जपूनरावांनी वाकून ती उरलेली पायरी वितीने मोजली. पुलाची उंची रुळाच्या माथ्यापासून धरतात. त्यासाठी मोजणीची पट्टी प्रत्यक्ष रुळावर उभी करून आकडा वाचावा लागतो. त्यांनी आजूबाजूचे सगळे आकडे स्वतः घेतले होते, अगदी गटाराच्या झाकणाचासुद्धा. रुळावर मात्र ते गेले नव्हते. रोज ताईसाठी जायचे, पण मोजणीच्या दिवशी एकट्याने पाय उचललाच नाही. रूळ काय जागचे हलतात, असं मनाला समजावून त्यांनी रेल्वेच्या जुन्या नकाशातला आकडा उतरवून घेतला होता. तो नकाशा अकरा वर्षांपूर्वीचा होता.

त्याच दुपारी ते पट्टी घेऊन फाटकावर गेले. फाटकवाला झेंडा हातात धरून उभा राहिला, तरी जपूनराव पट्टी रुळावर टेकवून इतक्या घाईने मागे फिरत की सोबत आलेल्या मोजणीदाराला आकडा तीनदा वाचावा लागला. चाळीस सेंटिमीटर. पूल तेवढा वर न्यायला हवा होता.

ते थेट मोठ्या इंजिनिअर मॅडमकडे गेले. मॅडमनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"तुम्ही? तुमच्याकडून हे?" त्या म्हणाल्या. "बरं, बसा. घाम पुसा आधी. वरचा भाग आहे तसाच चाळीस सेंटिमीटर उचलायचा. खांब तेवढे उंच करू. फरक सगळा शेवटच्या टप्प्यात जिरवून टाकू."

"मॅडम, तो टप्पा दहा मीटरचा आहे. पुढे पंपघराची भिंत आहे, तो लांबवता येत नाही. अर्धा मीटर चढायचा तिथे नव्वद सेंटिमीटर होतील."

"होऊ देत की. सायकलवाले उतरून ढकलतील. फाईल परत उघडली तर रेल्वेची मंजुरी नव्याने घ्यावी लागेल, दहा महिने कुठे गेले नाहीत. शिवाय तुमच्या नावावर ठपका येईल. मी कोणाला बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका."

जपूनरावांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. गप्प राहिलं तर चूक झाकली जाणार होती, पूल वेळेवर होणार होता, ते फाटक आयुष्यातून जाणार होतं. बोललं तर आणखी दहा महिने, रोज दोनदा, रूळ. नव्वद सेंटिमीटर म्हणजे काही डोंगर नव्हे, असं ते तीन दिवस स्वतःला बजावत राहिले.

चौथ्या दिवशी रविवार होता. ऑफिसच्या गोदामाला सामान चढवायचा सिमेंटचा उतार आहे, तो साधारण तेवढाच उभा. ताईची जुनी खुर्ची नेऊन जपूनराव तिच्यात बसले आणि चाकं ढकलू लागले. दोन मीटर जेमतेम गेले. तिसऱ्या मीटरला दंड भरून आले, दातओठ खाऊन त्यांनी आणखी एक ढकल दिली, आणि हात सुटला. खुर्ची मागे धावायला लागली. मागचं काही दिसत नव्हतं. चाकं धरायला गेले तर तळहात सोलून निघाले. गोदामाच्या कुंपणावर आदळून खुर्ची थांबली तेव्हा पहारेकरी म्हणाला, "साहेब, जपून." त्यांना उठताही येईना. त्यांना मघाशी स्वतःच्या जागी ताई दिसली होती, आणि तिच्या मागून चढणारे सायकलवाले.

सोमवारी त्यांनी फाईलवर टिपण लिहिलं. चूक कोणाची, कशी झाली, का झाली, सगळं. 'रुळावर जाण्याच्या भीतीने' हे शब्द त्यांनी एकदा खोडले आणि पुन्हा लिहिले. खाली सही केली.

मॅडम भयंकर चिडल्या. "दहा महिने ते फाटक चालू राहणार. तिथून रोज कोण जातं, कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे," जपूनराव म्हणाले. "मीच नेतो बहिणीला."

संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं. ती टेबलाशी बसून स्वतःचाच चष्मा पुसत होती. पट्ट्या बांधलेल्या त्यांच्या हातांकडे तिने पाहिलं.

"म्हणजे तो चढ मला जमला नसता," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"आणि तू गप्प बसला असतास तर मला काय वाटलं असतं, माहितीय? पूल बरोबरच असणार, तू काढलाय म्हटल्यावर. मला वाटलं असतं, आता हातही गेले. मी कोणाला विचारलंसुद्धा नसतं."

जपूनरावांना रडू आवरेना. "दहा महिने गं ताई," ते म्हणाले. "मला रोज वाटतं, आज काहीतरी होणार. तुला कशी भीती वाटत नाही?"

"वाटते ना. रोज वाटते," ताई म्हणाली. "तू मागे असतोस. तुला माझं तोंड कुठे दिसतं?"