बाटली गप हाय

जंतू वाढतो का ते पाहायला ठेवलेली रक्ताची बाटली खिडकीच्या उजेडात धरून सर म्हणायचे, “बाटली गप हाय म्हणजे जंतू न्हाई, असं न्हाई बे.”

बीडच्या आमच्या दवाखान्यात ते जंतूंचे डॉक्टर, मी लॅबमधला टेक्निशियन. सर मूळचे उमापूरचे. लग्न केलं नाही, घरचं कुणी उरलं नव्हतं. तुम्ही पाहिलं असतं तर तुसडा माणूस म्हणाला असतात. मीही म्हणायचो.

हृदयाच्या झडपेत जंतू बसला की ताप हटत नाही, आणि काही जंतू बाटलीत वाढतच नाहीत. मग ऑपरेशनमध्ये काढलेला झडपेचा तुकडा सर पुण्याला पाठवत. तिथं त्यातला जंतूचा डीएनए वाचून नाव काढतात. एकदा लिंबागणेशच्या बाईचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आला. डीएनएची पार वाट! सर्जन त्यांचा वर्गमित्र. सर फोनवर उखडले, “लोणचं काहून घातलं बे? साधं सलाईन सांगितलं होतं ना?”

नाव कळलं की मात्र ते स्वतः रोग्याच्या घरी फोन लावत. “नाव कळलं. आता नेमकं औषध देऊ.” मग दिवसभर गुणगुणत.

क्वार्टरमागे त्यांची ठकी होती, शेळी. जेवताना तिच्याशी बोलत. यंदा ती व्याली तेव्हा सगळं सरांनीच केलं, पिलं आपल्या टॉवेलनं पुसली.

पुढे सरांनाच तापानं धरलं. झडप लहानपणापासून अधू. बाटल्या गप. संभाजीनगरला मीच नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी जनावरं आहेत का? हा प्रश्न सर स्वतः प्रत्येक रोग्याला विचारत.

“न्हाई,” सर म्हणाले.

मलाही काही वावगं वाटलं नाही. ठकीला आम्ही कुणी जनावर धरतच नव्हतो.

औषध अंदाजानं चाललं. ऑपरेशनला नेताना माझा हात धरून म्हणाले, “तुकडा सलाईनमधी. लोणचं न्हाई.” तुकडा नीट गेला. सर त्यातून उठले नाहीत.

नंतर पुण्याहून रिपोर्ट आला. शेळीच्या बाळंतपणातून माणसाला लागणारा जंतू. त्यावरचं औषध आमच्याच दवाखान्यात पडून होतं. आधी सरांचाच राग आला, मग रडू आवरेना.

सर करायचे तसा फोन उचलला. पण लावणार कुणाला?

क्वार्टरमागे गेलो. ठकी बंद दाराकडे तोंड करून उभी होती.

“नाव कळलं,” मी तिला म्हटलं.